आदेलिनाचं पोट, आन्नाची गाडी, माराचा नवस

प्रश्न थोडक्यात असा आहे: व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९६३ चा 'इएरी, ओज्जी, दोमानी' (काल, आज, उद्या) पाहिला. नापोली, मिलानो आणि रोम या तीन शहरांतल्या तीन बायकांच्या तीन गोष्टी, आणि एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही. मग याला एक चित्रपट का म्हणायचं? सोफिया लोरेनला तीन वेषांत मिरवायचं निमित्त, यापलीकडे त्यात काय आहे? आणि लागोपाठच्या बाळंतपणांवर हसायचं, हे आज कसं पटवून घ्यायचं?

मी समीक्षक नाही, संकलक आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी कापते आणि जोडते. त्यामुळे 'जोड कुठे आहे' हा प्रश्न दिसला की हात शिवशिवतात. उत्तर लांबेल, आधीच सांगते.

आधी एक फजिती. शिकत असताना हा चित्रपट मी पहिल्यांदा एका फिल्म सोसायटीत पाहिला. १६ एमएमची झिजलेली प्रिंट, इंग्रजी डबिंग, आणि कुणीतरी सोयीसाठी एकेका गोष्टीचं एकेक रीळ करून ठेवलेलं. त्या संध्याकाळी डबे उलटसुलट झाले. नापोलीनंतर थेट रोम लागलं आणि मिलानो शेवटी. कुणालाही कळलं नाही. गोष्टींचा एकमेकींशी संबंधच नाही म्हटल्यावर कळणार तरी कसं? फक्त जिना उतरताना एक वयस्कर गृहस्थ बायकोला म्हणाले, "चांगला होता, पण शेवट कडवट केला हो." बरीच वर्षं मलाही हा चित्रपट कडवटच आठवत होता. पुढे नीट क्रमाने पाहिला तेव्हा तोच चित्रपट वेगळा निघाला. एक फ्रेमही बदललेली नव्हती, फक्त क्रम बदलला होता.

म्हणजे जोड आहे. तो कथानकात नाही, एवढंच.

क्रम बघा. आदेलिनाच्या नापोलीत पडद्यावर माणसंच माणसं: शेजारीपाजारी, पोरं, पोलीस, फेरीवाले. एकटं कुणी नाहीच, नवरा-बायकोला बोलायलासुद्धा आडोसा मिळत नाही. मग एकदम आन्नाचं मिलानो: एक रोल्स-रॉइस आणि आत दोन माणसं. ही गोष्ट सगळ्यांत आखूड आहे. आणि शेवटी माराचं रोम: शेजारशेजारच्या दोन गच्च्या आणि मधे कठडा. आधी गर्दी, मग ओसाडी, आणि मग कठड्यापलीकडून डोकावणारा एक शेजारी. मिलानो मधे ठेवलं की ते दोन भरल्या घरांमधल्या रिकाम्या खोलीसारखं वाटतं. शेवटी ठेवलं की रस्त्याकडेला टाकून दिलेला एक माणूस बघत आपण घरी जातो. त्या गृहस्थांची तक्रार बरोबरच होती.

पण हा झाला ताल. खरा सांधा मला फार उशिरा सापडला, आणि तो संकलनाच्या टेबलावर नव्हे, इटलीचे त्या काळचे कायदे वाचताना. या तिन्ही बायका एकाच गोष्टीला वळसा घालत असतात. बाईच्या शरीराबद्दल सरकारनं काय लिहून ठेवलंय, त्या कागदाला.

आदेलिनापासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त मजकूर तिथेच आहे. ती फोर्चेल्ला भागात चोरट्या सिगारेटी विकते. तंबाखू ही इटलीत सरकारी मक्तेदारी होती. मीठ आणि तंबाखू विकायला परवाना लागायचा, दुकानावर तशी पाटी असायची. त्यामुळे रस्त्यावर पेटी मांडून विदेशी सिगारेट विकणं हा थेट सरकारच्या गल्ल्यात हात. आणि तरीही नापोलीत हा धंदा भरदिवसा चालायचा. महायुद्धानंतर त्या शहरात काम कुठे होतं? आदेलिनाचा नवरा कार्मिने बेकार आहे. घर बाईच्या पेटीवर चालतं.

तिला दंड झालाय आणि तो भरायला पैसे नाहीत. जप्ती येते. आता हा प्रसंग परत एकदा फक्त हालचालीसाठी पाहा. सरकारी माणसं गल्लीत शिरायच्या आत बातमी वर पोचलेली असते आणि घरातलं सामान शेजाऱ्यांकडे पांगतं. जप्तीवाले येतात, तर घर धुतल्यासारखं मोकळं. ते गेले की सामान परत. कुणी कुणाला आभार म्हणत नाही, कुणाला सूचना द्यावी लागत नाही. हे याआधी बऱ्याचदा झालंय, हे सांगायला एक संवाद खर्ची पडलेला नाही. संकलक म्हणून मला याचा हेवा वाटतो. आपल्याकडे हाच प्रसंग असता, तर 'अगं, जप्तीवाले आले गं!' असं कुणीतरी तीनदा ओरडलं असतं.

सामान नाही, पैसे नाहीत, म्हणजे तुरुंग. आणि इथे कायद्यातली फट निघते. गरोदर बाईला आणि बाळंत होऊन सहा महिने न झालेल्या बाईला तेव्हा तुरुंगात टाकता येत नव्हतं, शिक्षा पुढे ढकलावी लागायची. ही लेखकाची कल्पना नाही. १९३० च्या इटालियन दंडसंहितेतलं हे १४६ वं कलम होतं. मुसोलिनीच्या काळातली, न्यायमंत्री आल्फ्रेदो रोक्को यांच्या नावानं ओळखली जाणारी ही संहिता, फॅसिझम गेला तरी चालूच राहिली. गोष्टीलाही आधार खरा आहे: नापोलीतल्या एका सिगारेटवालीनं असंच पुन्हा पुन्हा गरोदर राहून तुरुंग लांबवत नेला होता.

मग आदेलिना हिशोब मांडते. सहा महिने संपत आले की पुन्हा दिवस गेलेले असायला हवेत. पोलीस येतात, ती पोट पुढे करते, पोलीस परत जातात. सगळी गल्ली नाचत ओरडते, "तेने आ पान्झा!" म्हणजे 'पोट आहे हिला!' ते मी पहिल्यांदा मूळ आवाजात ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. एखादा खटला जिंकल्याची आरोळी असते ती.

आता तुमचा तिसरा प्रश्न, बाळंतपणांवर हसण्याचा. त्याच संहितेत आणखी एक कलम होतं, ५५३ वं. गर्भ राहू न देण्याच्या उपायांचा प्रचार करणं हा गुन्हा. ते कलम इटलीच्या घटनात्मक न्यायालयानं रद्द केलं १९७१ मध्ये, म्हणजे हा चित्रपट येऊन गेल्यावर आठ वर्षांनी. ही दोन कलमं शेजारी ठेवून बघा. एक हात सांगतो, मुलं होऊ द्या, टाळायचा उपाय कुणाला सांगाल तर खबरदार. दुसरा हात बेड्या घेऊन उभा, पण पोटात मूल असेल तर थांबतो. आदेलिना एवढंच करते की सरकारचं म्हणणं अक्षरशः ऐकते. सांगितलंत ना मुलं हवीत? घ्या. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी थिएटरात बसलेल्या इटालियन बाईला यातलं काहीही समजावून सांगावं लागलं नसेल. आपल्याला ते कलम माहीत नसतं, म्हणून आपण हसू बाळंतपणावर आहे असं समजतो.

तरीही एका बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. सात मुलं झाली तरी झिजलेला दिसतो तो कार्मिने. डॉक्टरकडे त्याला नेतात, विश्रांती त्याला सांगतात, गाल त्याचे बसतात. आदेलिना शेवटपर्यंत सोफिया लोरेनच राहते. सात बाळंतपणं झालेल्या बाईचे दात, पाठ, पाय, झोप यांचा चित्रपटात पत्ता नाही. 'नवरा थकला' हा विनोद चालतो, कारण 'बायको थकली' यावर कुणी हसलं नसतं. ही पळवाट आहे, आणि ती दिसते. हा भाग लिहिला एदुआर्दो दे फिलिप्पो यांनी, नापोलीच्या रंगभूमीचा बादशहा माणूस. बोलीभाषेतली बाई त्यांच्याइतकी कुणी लिहिली नाही, पण तेही पुरुषच, आणि त्या काळातले.

त्यांची खरी ताकद दिसते पुढे. कार्मिनेकडून आता काही होणार नाही म्हटल्यावर आदेलिना ओळखीतल्या एका सज्जन मित्राकडे जाते. कायद्याला काय, पोटाशी मतलब, ते कुणाचं हे कोण विचारतंय? आणि तिथे ती थांबते. तिच्याच्यानं ते होत नाही. ती सरळ तुरुंगात जायचं कबूल करते. विनोदाच्या गाडीला इथे करकचून ब्रेक लागतो. एवढा वेळ सरकारला शेंडी लावणारी बाई एका ठिकाणी म्हणते, इथून पुढे नाही. ती रेघ कायद्याची नाही, तिची स्वतःची आहे. मग गल्ली वर्गणी काढते, माफीचा अर्ज होतो, ती सुटते. ते सगळं गोड आहे, पण गोष्ट त्याआधीच होऊन गेलेली असते.

मिलानोवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण दे सिकांनीही घातलेला नाही. आल्बेर्तो मोराविया यांच्या कथेवरून चेझारे झावात्तीनी वगैरे मंडळींनी हा भाग लिहिला. आन्ना उद्योगपतीची बायको, नवऱ्याची रोल्स-रॉइस, शेजारी बसलेला रेन्झो हा लेखक. ती गाडी चालवता चालवता सांगते की पैशाचं मला काही नाही, सगळं सोडून तुझ्याबरोबर येईन. मग चाक रेन्झोच्या हातात येतं, एका मुलाला वाचवायला तो गाडी वळवतो आणि ठोकतो. मूल वाचलं याचं आन्नाला काही नाही, गाडीचं काय झालं ते बघा. ती दुसऱ्याच एका गाडीत बसून निघून जाते. पाचव्या मिनिटाला आपण ओळखतो की हे असं होणार, आणि ते होतं. तिन्हींत हा कच्चा दुवा, माझ्या मते.

पण कागद इथेही आहे. ५५९ वं कलम: विवाहित बाईनं परपुरुषाशी संबंध ठेवले तर तुरुंग, वर्षभरापर्यंत. नवऱ्यानं तेच केलं तर गुन्हा नाही. त्यानं ठेवलेली बाई घरातच आणून ठेवली किंवा राजरोस बाहेर ठेवली, तरच तो अडकणार. हे बाईवरचं कलम रद्द झालं डिसेंबर १९६८ मध्ये. घटस्फोट तर डिसेंबर १९७० पर्यंत इटलीत नव्हताच. म्हणजे भरदिवसा, उघड्या रस्त्यावर, नवऱ्याच्याच गाडीत प्रियकराला घेऊन फिरणारी आन्ना कायद्यानं गुन्हेगार आहे. आणि तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. तक्रार करायची ती नवऱ्यानं, आणि तो अब्रूचा तमाशा कशाला करेल? आदेलिनाला वाचायला नऊ महिने आणि वर सहा महिने लागतात, आन्नाला काहीच लागत नाही. नापोलीनंतर लगेच मिलानो पाहिलं की हे बोचतं. म्हणून म्हणते, डबे उलटे लावू नका.

आता रोम. प्यात्सा नाव्होनावर नजर टाकणारी गच्ची, आणि तिथे राहणारी मारा. पैसेवाले पुरुष तिच्याकडे ठरवून येतात. तिच्या फ्लॅटबद्दल पूर्वी मला एक साधी शंका यायची, हिला पोलीस कसे उठवत नाहीत? उत्तर १९५८ च्या कायद्यात आहे. सेनेटर लीना मेर्लिन यांनी वर्षानुवर्षं लढून तो करून घेतला. सरकारच्या परवान्यानं चालणारी कुंटणखाने त्या वर्षी सप्टेंबरात बंद झाली. बाईच्या कमाईवर जगणं, दलाली करणं हा गुन्हा ठरला. पण एकटी बाई स्वतःच्या घरात काय करते, यावर बंदी आली नाही. मारा ही त्या कायद्यानंतरची बाई आहे. मालकीण नाही, दलाल नाही, परवाना नाही, वैद्यकीय तपासणीचं कार्ड नाही. दार उघडायचं की नाही, ते ती ठरवते. पुढचा सगळा विनोद 'नाही' म्हणण्याच्या या हक्कावर उभा आहे.

कारण शेजारच्या गच्चीत आजी-आजोबांकडे आलेला उंबेर्तो हा पोरगा तिच्या प्रेमात पडतो. तो पाद्री होण्याचं शिक्षण घेतोय. आजी खवळते, माराला नाही नाही ते बोलते, आणि नंतर तीच आजी रडत तिच्या दारात येते, कारण नातू शिक्षणच सोडायला निघालाय. ही आजी झालीय तीना पीका. तिचा हा शेवटचा चित्रपट. आवाज असा की सूप पाखडावं. मारा नवस बोलते: पोरगा परत गेला तर आठवडाभर कुणाला हात लावू देणार नाही. नापोलीत पोलीस होते, मिलानोत कुणीच नव्हतं, रोममध्ये आजी आणि देव. कायद्याचा धाक संपतो तिथे ही बाई स्वतःच स्वतःला कलम लावून घेते. आदेलिनाच्या त्या थांबण्याशी याची गाठ मारून बघा. उंबेर्तोची गोष्ट तशी हलकीफुलकी आहे, पण नऊवारीच्या दोन काठांसारखे हे दोन नकार चित्रपटाच्या दोन टोकांना आहेत.

या आठवड्यात हाल होतात ते बोलोन्याहून आलेल्या आउगुस्तो रुस्कोनीचे. बड्या बापाचा लेक, माराचा नेहमीचा गिऱ्हाईक. आणि इथे येतो तो प्रसंग, जो सगळ्यांना माहीत असतो, चित्रपट न पाहिलेल्यांनासुद्धा. 'आबा-जूर' हे गाणं लागतं आणि मारा एकेक कपडा उतरवू लागते. त्यासाठी पॅरिसच्या क्रेझी हॉर्स या नाचगाण्याच्या क्लबमधून झाक रुए यांना शिकवायला बोलावलं होतं. आता तुमचा दुसरा प्रश्न, हे लोरेनचं मिरवणं नाही का?

आवाज बंद करून तो प्रसंग एकदा बघा आणि शॉट मोजू नका, फक्त हसू कुठे येतं ते बघा. दरवेळी ते आउगुस्तो झालेल्या मार्चेल्लो मास्त्रोयान्नीवर येतं; तिन्ही गोष्टींतला पुरुष तोच. पलंगावर सर्कस बघायला बसलेल्या पोरासारखा बसलाय, डोळे विस्फारलेले, आणि मोजा उतरला की कोल्ह्यासारखी कुई करतो. लोरेन शांत, हिशोबी, काम जाणणारी. तमाशा आहे तो त्याचा. आणि मग मधेच तिला नवस आठवतो. संपलं. असा प्रसंग कापायला मिळाला तर नवशिका संकलक तिच्यावर रेंगाळेल आणि तो मारून टाकेल. आद्रियाना नोव्हेल्ली यांनी दे सिकांचे बरेच चित्रपट कापले आहेत, हाही त्यांचाच. त्यांना ठाऊक होतं की बघण्याची वस्तू तो आहे.

तिन्ही गोष्टींत हेच आहे. बाया तीन, पण ठरवणारी दरवेळी तीच. पुरुष तीन, आणि दरवेळी उरलेला तोच: कार्मिने गळून गेलेला, रेन्झो रस्त्याकडेला, आउगुस्तो उपाशी. 'ला दोल्चे व्हिता'नंतर सगळं जग ज्याला रंगेल नायक म्हणून ओळखायला लागलं होतं, त्या मास्त्रोयान्नीनं इतक्या खुशीनं स्वतःचं हसं करून घ्यावं, हीच मोठी गंमत. त्यालाच या भूमिकांसाठी ब्रिटनचा बाफ्टा मिळाला. चित्रपटाला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं ते १९६५ मध्ये.

कायद्याचं हे मी ओढूनताणून आणतेय असं वाटत असेल, तर निर्मात्याकडे बघा. कार्लो पोन्ती यांची पहिली बायको हयात, घटस्फोट इटलीत नाही. १९५७ मध्ये मेक्सिकोत वकिलांमार्फत, दोघांच्या गैरहजेरीत, त्यांचं आणि लोरेनचं लग्न लागलं. इटलीत त्यावर द्विभार्येचा बोभाटा झाला, कज्जा उभा राहिला, आणि १९६२ मध्ये ते लग्नच रद्दबातल करून घ्यावं लागलं. म्हणजे हा चित्रपट होत होता तेव्हा त्याची नायिका आणि निर्माता एकमेकांचे, कागदावर, कुणीच नव्हते. शेवटी १९६६ मध्ये फ्रान्समध्ये लग्न केलं, तेही फ्रेंच नागरिक होऊन. खुद्द दे सिकांचेही दोन संसार होते आणि दुसरा कायदेशीर करायला त्यांनाही फ्रान्सच गाठावं लागलं. घरातच कज्जे चालू असलेल्या माणसांनी कागदाला वळसा घालणाऱ्या बायकांची गोष्ट केली, यात नवल ते काय?

पाहताना एक काळजी घ्या. इंग्रजी डबिंग टाळा. त्या काळी इटलीत आवाज बहुतेक नंतरच भरायचे, त्यामुळे ओठ कधीकधी हलतात एक आणि ऐकू येतं दुसरं. ते खपवून घ्या. पण मूळ आवाजात नापोलीची बोली आहे, मिलानोचं पैशानं गुळगुळीत झालेलं बोलणं आहे, रोमचा फटकळपणा आहे आणि आउगुस्तोचं बोलोन्याचं हेल काढणं आहे. मालवणी, पेठी आणि वऱ्हाडी अशा तीन बायका एकाच अभिनेत्रीनं केल्या आणि मग सगळ्या आकाशवाणीच्या मराठीत डब केल्या, तर काय उरेल? मी पहिल्यांदा तेच पाहिलं होतं. लोरेन वाढली पोत्सुओलीत, नापोलीच्या अगदी शेजारी. आदेलिनाची भाषा तिच्या घरची आहे, ती बोलताना हात आपोआप उठतात. आन्ना बोलते तेव्हा हात चाकावर बांधलेले असतात.

आपल्याकडच्या फिल्म सोसायटीतल्या जुन्या मंडळींना हा चित्रपट फारसा रुचत नसे. त्यांचे दे सिका म्हणजे 'बायसिकल थीव्हज'. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यात तो दाखवला गेला आणि इथल्या दिग्दर्शकांची एक पिढी हलली. त्या माणसानं पुढे लोरेनचे मोजे उतरवावेत म्हणजे काय! पण 'बायसिकल थीव्हज' आणि 'मारा', दोन्हीकडे लेखणी झावात्तीनींचीच. आणि सायकलची गोष्ट तरी काय, एका वस्तूवाचून नोकरी नाही, नोकरीवाचून वस्तू नाही. तसा फास आदेलिनाभोवतीही आहे. फरक इतकाच की ती त्यातून नऊ-नऊ महिन्यांनी मान सोडवते.

झावात्तीनींना स्वतःला या वाटेनं आणखी पुढे जायचं होतं. पुढे काय बघू असं कुणी विचारलं तर मी १९५३ चा 'लामोरे इन चित्ता' सांगेन, म्हणजे 'शहरातलं प्रेम'. सहा तुकडे, वेगवेगळे दिग्दर्शक, त्यांत आन्तोनिओनी आणि फेल्लीनीसुद्धा. पडद्यावरचं मासिक काढायचं, खऱ्या माणसांनी स्वतःची गोष्ट स्वतः करून दाखवायची, अशी झावात्तीनींची कल्पना. दुसरा अंक निघालाच नाही. एका भागात कातेरीना नावाची तरुण आई आहे, पोसायचं कसं कळेना म्हणून बाळ सोडून देणारी आणि मग परत धावणारी. ते तिच्या आयुष्यात झालेलं होतं आणि कॅमेऱ्यासमोर ती स्वतःच ते पुन्हा करते. मला तो भाग बघवत नाही, आणि हे मी कौतुक म्हणून सांगत नाहीये. एखाद्या बाईला तिचा सगळ्यांत वाईट दिवस दुसऱ्यांदा जगायला लावणं, यापेक्षा लोरेननं पोटाला उशी बांधलेली मला परवडते. लात्तुआदा यांचा तुकडा मात्र जरूर पाहा. रोमच्या रस्त्यांवर बायका चालताहेत आणि पुरुष माना वळवून बघताहेत, बस्स. कुणी गोष्ट लिहिलेली नाही. बसस्टॉपवर उभी राहिलेली कुठलीही मुलगी ती लिहू शकेल.

आणि एक धंद्यातली गोष्ट. अशा गोष्टी-गोष्टींच्या चित्रपटाचं दुखणं हे की त्यातला एखादा भाग अलगद उपटता येतो. जखम दिसत नाही. 'शहरातलं प्रेम'मधून कार्लो लिद्झानी यांचा वेश्यांच्या मुलाखतींचा भाग परदेशी पाठवताना काढला गेला. दे सिकांच्या १९५४ च्या 'लोरो दी नापोली'मध्ये एक लहानगं तुकडं आहे: मेलेल्या लेकराच्या अंत्ययात्रेत आई पोरांना साखरेतले बदाम उधळते. काही आवृत्त्यांतून तेही गाळलं होतं. त्याच चित्रपटात पिझ्झा विकणारी तरुण लोरेन आहे, तिला कोण कापणार?

सगळ्यांत मोठी काट 'बोकाच्चो '७०' ची. १९६२, निर्माते पुन्हा पोन्तीच. चार भाग मिळून तीन तासांच्या वर जात होतं, तेव्हा फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवासाठी मारिओ मोनिचेल्ली यांचा भाग उडवला. उरलेल्यांत फेल्लीनी, व्हिस्कोन्ती आणि दे सिका होते. तिघांनी निषेध म्हणून महोत्सवाला जायचं टाळलं, पण भाग काही परत आला नाही, बाहेरच्या प्रेक्षकांनी तो वर्षानुवर्षं पाहिलाच नाही. आता तो मिळतो. इतालो काल्व्हिनो यांच्या कथेवरून केलेला, नाव 'रेन्झो ए लुचाना'. कंपनीत नियम आहे की कामावरच्या मुलींनी लग्न करायचं नाही, मूल तर नाहीच. लुचाना आणि रेन्झो चोरून लग्न करतात आणि कामावर अनोळख्यासारखे वागतात. वरिष्ठ तिच्यावर डोळा ठेवून आहे आणि नवऱ्याला ते मुकाट बघावं लागतं. ही कल्पना नव्हती, तेव्हाच्या नोकऱ्यांत अशी अट असायची. लग्न केलं म्हणून बाईला कामावरून काढायला मनाई करणारा कायदा इटलीत झाला जानेवारी १९६३ मध्ये, हा भाग उडवल्यानंतर काही महिन्यांत.

आदेलिना पाहून झाल्यावर तो पाहा. बाहेरून रोषणाई नाही, मोठे तारे नाहीत. शेवटी दोघांना नव्या नोकऱ्या लागतात, त्याला रात्रपाळी, तिला दिवसपाळी. सकाळी तो घरी येतो तेव्हा तिची निघायची घाई. पलंग एकच, तो झोपतो तेव्हा ती ट्राममध्ये.